बॅटरीचे केंद्र शेजारी येते तेव्हा



बेण्याची मागणी, लागण नोंद आणि ठिबकचे अर्ज यांपलीकडे ऊस विकास विभाग या पानावर काही लिहीत नाही, अशी काही सभासदांची तक्रार आहे. ती आज थोडीफार दूर व्हावी. गेल्या महिन्यात एका गट कार्यालयातील बैठक आटोपल्यावर, ज्यांचे रान सबस्टेशनला लागून आहे अशा एका सभासदांनी आम्हाला बाजूला घेतले. म्हणाले, "साहेब, सोलरवाले भाड्यानं जमीन मागत होते, ते समजलं. आता एक जण बॅटरीसाठी मागतोय. कंटेनर ठेवणार म्हणतो. सरकारची परवानगी आहे म्हणतो. देऊ का?"

ऊस हा आमचा विषय, बॅटरी नव्हे, असे सांगून सुटता आले असते. पण त्या तुकड्याच्या तिन्ही बाजूंना ऊस उभा आहे आणि तारांच्या ठिणगीने फड जळाल्याचे पंचनामे आम्ही दर हंगामात पाहतो. तेव्हा विषय आमचाच झाला. आम्ही माहिती गोळा केली, कारखान्याच्या विद्युत विभागातील सहकाऱ्यांना दोन-चार वेळा त्रास दिला, आणि जे समजले ते येथे देत आहोत.

प्रथम ही बॅटरी म्हणजे काय ते पाहू. ट्रॅक्टरची बॅटरी डोळ्यांसमोर आणू नये. ही लिथियम जातीची, म्हणजे मोबाइलमध्ये असते त्या कुळातील. हजारो सेल एका कपाटात आणि अशी अनेक कपाटे एका लोखंडी कंटेनरमध्ये बसवतात. दुपारी सौर वीज उदंड असते तेव्हा ती आत भरावयाची आणि संध्याकाळी दिवे लागले की बाहेर काढावयाची. तिची क्षमता दोन आकड्यांत सांगतात, त्यात गोंधळ होतो. मेगावॉट हा आकडा म्हणजे विहिरीवरच्या पंपाची अश्वशक्ती समजा, आणि मेगावॉट-तास म्हणजे विहिरीतले पाणी. पंप कितीही मोठा असला तरी विहीर लहान असेल तर तासाभरात फेस येतो. आगीच्या दृष्टीने दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण आत किती साठले आहे ते तोच सांगतो. एक मेगावॉट-तास म्हणजे आपल्या बिलावरचे एक हजार युनिट.

ही नवलाई परदेशापुरती राहिलेली नाही. दिल्लीत रोहिणी येथे २०१९ साली १० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. छत्तीसगडमध्ये राजनांदगाव येथे २०२४ मध्ये सौर प्रकल्पाशेजारी ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तासांची बॅटरी बसली. आपल्या महावितरणनेही बॅटरी साठवणुकीच्या निविदा काढलेल्या आहेत. आपल्याला दिवसा पंपाला वीज हवी आणि गावाला रात्री दिवा हवा. हे दोन्ही सौर विजेवर साधावयाचे तर साठवण लागणारच. सबब, बॅटरी नकोच असे आमचे म्हणणे नाही. कारखान्याने इथेनॉल घ्यायचे ठरवले तेव्हा टाक्या नकोत असे कोणी म्हटले नव्हते. टाक्या कुठे, किती अंतरावर, भोवती बांध किती उंचीचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत आपल्याला थांबावे लागले होते.

आता धोक्याकडे वळू. ओला कडबा गंजीत रचला तर तो आतून तापतो, हे आपण जाणतो. वरून काही दिसत नाही, हात घातला की चटका बसतो. लिथियमच्या सेलचे असेच काहीसे आहे. आत दोष असला, जास्त भरला गेला, पाणी शिरले किंवा मार बसला तर सेल तापतो. एका मर्यादेपलीकडे तो स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापत जातो, आणि मग त्याला थांबवता येत नाही. शेजारचा सेल त्याच्या झळीने पेटतो, मग त्याच्या शेजारचा. शिवाय या वेळी सेलमधून हायड्रोजन आणि इतर ज्वलनशील वायू बाहेर पडतात. जाळ दिसला नाही म्हणून धोका टळला असे समजणे फार महागात पडते.

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात सरप्राइज नावाच्या गावी १९ एप्रिल २०१९ रोजी तेच घडले. केंद्र अगदी लहान, २ मेगावॉट-तासांचे. संध्याकाळी धूर दिसला, आत बसवलेला आग विझवण्याचा वायू आपोआप सुटला. जाळ नव्हता. अग्निशमन दलाचे लोक आले, बाहेर थांबले, मोजमापे घेतली आणि दोन तासांहून अधिक वेळाने दार उघडले. आत कोंडलेल्या वायूला हवा मिळाली आणि काही मिनिटांतच स्फोट झाला. चार जवान गंभीर जखमी झाले. चौकशीत असे निघाले की आग विझवणारा वायू जाळ दाबतो, पण एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणारी उष्णता दाबू शकत नाही. साचलेला वायू बाहेर जाण्याची वाटच त्या कंटेनरला नव्हती. जवानांनी काय करावे याचे पुरेसे मार्गदर्शनही त्यांच्या हाती नव्हते. म्हणजे केंद्र उभे होते आणि चालूही होते, फक्त दार कोणी, कधी उघडावयाचे हे ठरलेले नव्हते.

याहून अधिक विचार करायला लावणारी हकिकत कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग या समुद्रकाठच्या खेड्याची आहे. हा भाग शेतकऱ्यांचा. स्ट्रॉबेरी, लेट्यूस आणि आर्टिचोक नावाच्या भाजीची मोठी पिके तेथे होतात. जवळच सॅलिनासच्या बाजूला स्प्रेकल्स येथे एके काळी बीटाच्या साखरेचा प्रचंड कारखाना होता. १८९९ साली सुरू झाला, १९८२ साली बंद पडला. साखरेच्या माणसाला तो मुलूख परका वाटू नये.

तेथे एका जुन्या वीज केंद्राच्या परिसरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या आल्या. एकीने जुन्या टर्बाइनच्या भल्यामोठ्या इमारतीतच कपाटे मांडली. ३०० मेगावॉट, १२०० मेगावॉट-तास, म्हणजे १२ लाख युनिट एका छपराखाली. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट घेतो, त्या हिशेबाने तीन लाख पंप तासभर चालतील एवढी वीज. डिसेंबर २०२० मध्ये हे केंद्र सुरू झाले. दुसऱ्या कंपनीने शेजारीच उघड्यावर, सुटे सुटे कंटेनर अंतर सोडून मांडले.

२० सप्टेंबर २०२२ रोजी या उघड्यावरच्या केंद्रातील एक कंटेनर पेटला. झाकणाचा एक भाग नीट न बसवल्याने पावसाचे पाणी आत गेले होते. हमरस्ता काही तास बंद ठेवला, आसपासच्या लोकांना दारे-खिडक्या लावून घरात बसवले. तो एक कंटेनर जळून गेला, बाकीचे वाचले.

१६ जानेवारी २०२५ रोजी दुपारी इमारतीतल्या बॅटऱ्यांना आग लागली. सुमारे १२०० लोकांना घरे सोडावी लागली, हमरस्ता काही दिवस बंद राहिला. अशा आगीवर पाणी मारून उपयोग होत नसल्याने जवानांनी ती जळू दिली. आत सुमारे एक लाख बॅटऱ्या होत्या, त्यांतील निम्म्याहून अधिक जळाल्या. आणि विझली विझली म्हणता म्हणता १८ फेब्रुवारी रोजी आतल्या शिल्लक बॅटऱ्यांनी पुन्हा पेट घेतला.

तेच गाव, तीच खारी हवा. एका ठिकाणी एक कंटेनर गेला, दुसऱ्या ठिकाणी इमारतच गेली. बॅटरीची जातही वेगळी होती का, असे कोणी विचारील. इमारतीतल्या बॅटऱ्या निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट असलेल्या जातीच्या होत्या. अलीकडे लोह-फॉस्फेटची जात अधिक वापरतात, ती पेटायला अधिक उष्णता लागते. पण वायू तिच्यातूनही निघतो. उघड्यावर जो कंटेनर जळाला तो शेजाऱ्याला घेऊन गेला नाही याचे मोठे कारण आमच्या मते अंतर हेच. आपल्या आजोबांनी कडब्याच्या सगळ्या गंज्या एकाच खळ्यात एकीला एक खेटून कधी रचल्या नाहीत. बगॅसच्या यार्डात आपण ढिगांमध्ये वाट का सोडतो, तेही हेच.

मॉस लँडिंगच्या हकिकतीतला आमच्या विभागाच्या कामाचा भाग पुढेच आहे. आगीची राख उडाली ती कुठे पडली? शेजारी एल्कहॉर्न स्लू नावाची खाडी आहे. तेथील पाणथळ जमिनीची माती सॅन होजे विद्यापीठाचे संशोधक दहा वर्षांहून अधिक काळ तपासत होते, अर्थात दुसऱ्याच कामासाठी. आग विझल्यावर ते पुन्हा गेले. मातीच्या वरच्या पातळ थरात निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट हे धातू पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढलेले आढळले. हवेचे मोजमाप करणाऱ्या सरकारी खात्याला लोकांना धोका होईल इतका वायू सापडला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वायू वाऱ्यावर विरून जातो, राख खाली बसते. पण "पूर्वीपेक्षा" हा शब्द संशोधकांना वापरता आला, कारण पूर्वीचे आकडे त्यांच्या कपाटात होते. ज्या शेतकऱ्याकडे आगीपूर्वीचा अहवाल नाही, त्याने नंतर कितीही नमुने काढले तरी समोरचा म्हणेल, तुमच्या मातीत हे आधीपासूनच असेल.

परवानगीचा प्रश्न यानंतरचा. कॅलिफोर्नियात असे केंद्र कुठे बसवावयाचे याची परवानगी पूर्वी कौंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याची संस्था, किंवा शहराची पालिका देत असे. स्थानिक लोक हरकती घेत, कामे लांबत. म्हणून २०२२ साली राज्याने कायदा करून दुसरा दरवाजा उघडला. २०० मेगावॉट-तास किंवा त्याहून मोठ्या केंद्राच्या मालकाची इच्छा असेल तर त्याने थेट राज्याच्या ऊर्जा आयोगाकडे अर्ज करावा, आणि अर्ज परिपूर्ण झाल्यावर आयोगाने २७० दिवसांत निर्णय द्यावा. कौंटीने नाही म्हटले तरी राज्य हो म्हणू शकते. यावर तेथे मोठा वाद आहे. राज्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, तज्ज्ञ आमच्याकडे आहेत, प्रत्येक तालुक्याने वेगळा नियम केला तर वीज मिळणार कशी? गावचे म्हणतात, जानेवारीत वारा कुठून वाहतो ते राजधानीत कोणाला ठाऊक? आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. आपल्या कारखान्याचा बॉयलर तपासायला निरीक्षक बाहेरून येतो हे चांगलेच. तो गावकीत गुंतलेला नसतो. पण भोंगा वाजला तर बादली घेऊन धावतो तो शेजारच्या वस्तीवरचाच माणूस.

नियम मात्र बहुतेक आगीच्या मागून आले, हे नाकारता येत नाही. बॅटरी केंद्राच्या सुरक्षेसाठी तेथे एनएफपीए ८५५ नावाचे मानक आहे, त्याची पहिली आवृत्ती २०२० सालची. त्यात कपाटांमधील अंतर, वायूचा स्फोट होऊ नये म्हणून सोय, आणि एक सेल मुद्दाम पेटवून आग किती पसरते याची चाचणी, अशा बाबी आहेत. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. ते एका खाजगी संस्थेचे पुस्तक. राज्याने किंवा पालिकेने आपल्या नियमांत घेतले तरच ते बंधनकारक, आणि आधी बांधलेल्या केंद्राला नवा नियम बहुधा लागत नाही. मालकाने आपत्कालीन आराखडा स्थानिक यंत्रणांशी बोलून तयार ठेवावा, हा कॅलिफोर्नियाचा कायदा २०२३ चा. केंद्र चालवण्याचे आणि देखभालीचे नियम राज्याच्या नियामक आयोगाने केले १३ मार्च २०२५ रोजी, मॉस लँडिंगच्या आगीनंतर दोन महिन्यांनी.

न्यूयॉर्क राज्याने काय केले ते आम्हाला अधिक पटले. तेथे मे ते जुलै २०२३ या काळात तीन केंद्रांना आगी लागल्या, त्यांतील एक सौर प्रकल्पाच्या आवारात. अनेक गावांनी नव्या बॅटरी केंद्रांना तात्पुरती बंदी घातली. राज्यपालांनी वेगवेगळ्या खात्यांचा एक गट नेमला. त्याने तीनही आगी तपासून २०२४ साली शिफारशी मांडल्या. त्यांतील दोनच सांगतो. केंद्राचा आराखडा मालकाच्या खर्चाने, पण स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. आणि आग लागली तर त्या केंद्राची माहिती असलेला माणूस पंधरा मिनिटांत निघण्यास तयार हवा आणि चार तासांत जागेवर पोहोचावयास हवा. चार तास म्हणजे उशीरच, असे वाटेल. पण अॅरिझोनातल्या जवानांना असा माणूस दाराजवळ असता तर ते दार कदाचित उघडले गेले नसते.

आता आपल्याकडे. २००३ च्या विद्युत कायद्यापासून वीजनिर्मितीला परवाना लागत नाही, आणि डिसेंबर २०२२ च्या दुरुस्ती नियमांनी स्वतंत्र साठवण केंद्रालाही तशीच मोकळीक दिली. म्हणून कोणी "आमच्याकडे परवाना आहे" असे मोघम म्हणाला तर कशाचा, असे विचारावे. वीज कंपनीशी झालेला करार ही सुरक्षेची तपासणी नव्हे. सुरक्षेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे विनियम आहेत, आणि उच्च दाबाची यंत्रणा चालू करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांची तपासणी आहे. विद्युत निरीक्षक हे वितरण कंपनीचे नव्हेत, राज्य शासनाचे अधिकारी असतात. पुष्कळ सभासदांना हे ठाऊक नसते आणि ते लाइनमनलाच निरीक्षक समजतात!

त्या सभासदांना आम्ही देऊ नका असे सांगितले नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरलेले आहे. बॅटरीवाला किती देतो ते त्याच्या करारावर, पण मुरमाड रानाला असा पैसा ऊस देत नाही हे आम्ही ऊस खात्याचे असूनही कबूल करतो. मात्र सहीपूर्वी त्या माणसाकडून कागदावर काय घ्यावयाचे ते आम्ही सांगितले. बॅटरीची जात कोणती, आणि किती मेगावॉट-तास. कंटेनर उघड्यावर सुटे की शेडमध्ये एकत्र. दोन कंटेनरमध्ये अंतर किती, वायूची वाट कोणत्या बाजूला. ती बाजू वस्तीकडे किंवा गोठ्याकडे असेल तर नकाशा बदलून घ्यावा. जवळचे अग्निशमन केंद्र किती किलोमीटरवर, त्यांना प्रशिक्षण कोण देणार, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार.

कुंपणापासून उसापर्यंतचा पट्टा हा तर आपल्याकडचा खास प्रश्न. अमेरिकेच्या मानकात भोवती दहा फूट गवत-झुडूप नसावे असे आहे. तेथे गवत असते, येथे बारा फुटी ऊस आणि खाली गुडघाभर पाचट. फड पेटला की जाळ दहा फुटांची पर्वा करत नाही. बॅटरीची आग उसाला लागेल ही भीती जेवढी खरी, तेवढीच उसाची आग बॅटरीला लागेल हीही खरी, आणि तसे झाले तर दोष शेतकऱ्यावर येईल. तेव्हा रिकामा पट्टा भाड्याने दिलेल्या जमिनीत सोडावा, शेजाऱ्याच्या रानात नव्हे, आणि तो साफ कोणी ठेवावयाचा तेही लिहावे. उभ्या पिकाचा, शेजारच्या गटांसह, विमा कंपनीने काढावा. मुदत संपल्यावर किंवा कंपनी बुडाल्यावर बॅटऱ्या कोण उचलणार आणि त्यासाठी अनामत कुठे ठेवली आहे, हे कलम नसेल तर करार वकिलांना दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये. मॉस लँडिंगला अर्धवट जळालेल्या बॅटऱ्या काढताना केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याला देखरेख करावी लागली. आपल्या रानात तसे कोण येणार?

राहिला मातीचा नमुना, तो मात्र आमच्याच हातचा. आपल्या नेहमीच्या माती परीक्षणात निकेल आणि कोबाल्ट तपासत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र मागणी करून जड धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा लागतो. लागणीपूर्वी आपण साधारण वीतभर खोलीचा नमुना घेतो, तो घ्यावाच. पण राख वरच बसते, म्हणून वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीचा दुसरा नमुना वेगळा घ्यावा. लोखंडी खुरपे वापरू नये, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे वापरावे. ज्यांची जमीन भाड्याने जाणार नाही पण बांधाला लागून आहे, त्यांनीही घ्यावा. त्यांना तर भाडेही मिळणार नाही. पिशव्या गट कार्यालयात मिळतील. पिशवीवर गट नंबर, तारीख आणि खोली लिहावी, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि अर्धा नमुना सील करून घरी कोरड्या जागी ठेवावा.

— ऊस विकास विभाग